अळंबीच्या खोलीतला कार्बन डायऑक्साइड: इन्फ्रारेड सेन्सर निवडणे, जोडणे आणि ताळ्यावर ठेवणे

धिंगरी अळंबीचे देठ लांबडे होऊ लागले आणि छत्र्या बटणाएवढ्याच राहिल्या की पहिला संशय बियाण्यावर जातो. बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. कुटारावर किंवा तणसावर वाढणारी बुरशी आपल्यासारखीच श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. डिसेंबर-जानेवारीत विदर्भात रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, म्हणून दारे-खिडक्या बारदाना लावून बंद केल्या जातात आणि सकाळपर्यंत खोलीतला आकडा दोन-तीन हजार पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे इतके भाग) जातो. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो साधारण ४२० ते ४३० असतो. फळधारणेच्या काळात धिंगरीला तो हजाराच्या आत लागतो, ८०० च्या आसपास राहिला तर उत्तम. या वायूला वास नाही, त्यामुळे खोलीत शिरून अंदाज बांधता येत नाही. मोजावेच लागते.

मोजण्याचे यंत्र आता आवाक्यात आले आहे, पण ते लावून मोकळे झालेल्यांपैकी अनेकांची फसगत होते. सेन्सर बिघडलेला नसतो. तो कुठल्या हवेला 'ताजी हवा' समजून बसला आहे, हेच कोणी तपासलेले नसते.

आत काय असते

कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड प्रकाश जोरात शोषतो. सेन्सरमध्ये एका टोकाला बारीक दिवा, मध्ये चकचकीत, बहुधा सोन्याचा मुलामा दिलेली पोकळी आणि दुसऱ्या टोकाला नेमका तेवढाच पट्टा आत सोडणारा फिल्टर लावलेला उष्णतामापी असतो. पोकळीत वायू जास्त, तर पलीकडे पोहोचणारा प्रकाश कमी. एवढेच तत्त्व. महागड्या सेन्सरमध्ये ४ मायक्रोमीटरच्या आसपासचा दुसरा पट्टाही मोजतात. तिथे हा वायू प्रकाश शोषत नाही, त्यामुळे दिवा म्हातारा झाला की पोकळी मळली हे त्यावरून कळते. स्वस्त सेन्सरमध्ये हा दुसरा डोळा नसतो, म्हणून त्याला वरचेवर ताळ्यावर आणावे लागते.

खरेदी करताना

शे-दीडशे रुपयांत मिळणारा एमक्यू-१३५ हा कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नाही. तो अमोनिया, अल्कोहोल, धूर अशा वायूंना प्रतिसाद देतो आणि पुढचा आकडा प्रोग्राममध्ये अंदाजाने बसवलेला असतो. बाजारातली काही तयार मीटरेही आतून अशीच असतात. ओळखायची सोपी युक्ती: कापसाच्या बोळ्यावर हँड सॅनिटायझरचे दोन थेंब घेऊन मीटरच्या जाळीजवळ धरा. हात लांब करून, श्वास रोखून धरा, नाहीतर स्वतःच्याच श्वासाची परीक्षा व्हायची. आकडा एकदम हजार-दोन हजारांनी उसळला तर ते मीटर परत करा. इन्फ्रारेड सेन्सर अल्कोहोलला जवळजवळ दाद देत नाही.

या कामाला तीन पर्याय चालतात. विनसेनचा एमएच-झेड१९ (बी किंवा सी) सर्वांत सहज मिळतो. सेन्सएअरचा एस८ थोडा महाग, पण वागायला शांत. सेन्सिरिऑनचा एससीडी४१ नखाएवढा असतो. तोही इन्फ्रारेडच वापरतो, पण वायूने शोषलेल्या उष्णतेतून उठणारा बारीक आवाज ऐकून मोजतो. सोबत तापमान आणि आर्द्रताही देतो. पुढची जोडणी एमएच-झेड१९ ची आहे. घेताना ० ते ५००० पीपीएम पल्ल्याचाच घ्या. २००० चा घेतला तर ऐन गरजेच्या वेळी तो कमाल आकड्यावर अडकून बसतो. नावाजलेल्या सेन्सरच्या नकलाही फिरतात, त्यामुळे खाली दिलेली ड्रमची परीक्षा झाल्याशिवाय नव्या सेन्सरवर भिस्त ठेवू नका.

जोडणी

लागणारे सामान: सेन्सर, ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम चालवणारा छोटा संगणकच), ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला मोबाइल चार्जर, ४७० मायक्रोफॅरॅड १६ व्होल्टचा कपॅसिटर, रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंखा चालू-बंद करणारा स्विच) आणि त्यासाठी वेगळा ५ व्होल्टचा चार्जर, विजेच्या दुकानात मिळणारी प्लास्टिकची जंक्शन बॉक्स.

सेन्सरची पाच व्होल्टची पिन चार्जरच्या धन तारेला, ग्राउंड ऋण तारेला. ईएसपी३२ चे ग्राउंडही तिथेच आले पाहिजे. हे विसरले की आकडेच येत नाहीत. सेन्सरची पाठवणारी (टीएक्स) पिन बोर्डाच्या १६ नंबरला, घेणारी (आरएक्स) पिन १७ नंबरला. कपॅसिटर सेन्सरच्या पिनांजवळ लावायचा, लांब नाही. दिवा दर काही सेकंदांनी झटका घेऊन पेटतो. त्या क्षणी प्रवाह दीडशे मिलिअँपिअरपर्यंत जातो, आणि बारीक लांब तारेवर व्होल्टेज खचले की आकडे नाचायला लागतात. गावात वीज आधीच खाली-वर होते, त्यात हलका चार्जर असेल तर सेन्सरला उगाच बोल लागतो.

ईएसपी३२ ऐवजी अर्दुइनो उनो हा बोर्ड वापरणार असाल तर त्याच्या पाठवणाऱ्या पिनेवर ५ व्होल्ट असतात आणि सेन्सरला ३.३ हवे असतात. उनोपासून १ किलोओहमचा रोधक सेन्सरच्या आरएक्सपर्यंत, आणि तिथून २ किलोओहमचा ग्राउंडपर्यंत, की काम झाले. उलट दिशेला काही लावायची गरज नाही.

बोर्ड आणि सेन्सर यांच्यातल्या संवादाचा वेग ९६०० बॉड. आकडा मागायचा हुकूम नऊ बाइटांचा, दशमान अंकांत असा: २५५, १, १३४, ०, ०, ०, ०, ०, १२१. उत्तरातही नऊ बाइट येतात. पहिला २५५ आणि दुसरा १३४ आहे ना, ते आधी बघायचे. मग तिसऱ्याला २५६ ने गुणून चौथा मिळवायचा. तिसरा ३ आणि चौथा २३२ असेल तर १००० पीपीएम. शेवटचा बाइट पडताळ्याचा असतो: दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची बेरीज (ती २५५ च्या वर गेली तर २५६ ने भागून उरलेली बाकी) २५५ मधून वजा करून १ मिळवा, तो जुळला पाहिजे. हा पडताळा आळसाने गाळू नका. पंखा सुरू होताना तारेत गोंधळ उठतो, एखादा बाइट बिघडतो आणि खोलीत अचानक ३०,००० पीपीएम 'दिसतात'.

वीज दिल्यावर पहिली तीन मिनिटे येणारे आकडे फेकून द्यायचे. नंतर दर दहा सेकंदांनी एक आकडा घेऊन सहांची सरासरी काढली तरी पुरेसे आहे. खोलीतली हवा त्याहून वेगाने बदलत नाही.

आपोआप कॅलिब्रेशन बंद करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या.

एमएच-झेड१९ कारखान्यातून निघताना एका गृहीतकावर निघतो: दिवसातून कधीतरी आजूबाजूची हवा बाहेरच्यासारखी ताजी होणारच. म्हणून तो दर २४ तासांतला सर्वांत कमी आकडा धरून त्याला ४०० मानतो. एस८ मध्ये हीच मुदत साधारण आठ दिवसांची असते, एससीडी४१ मध्ये आठवड्याची. रात्री रिकाम्या होणाऱ्या शाळेच्या वर्गात किंवा ऑफिसात हे छान चालते. अळंबीची खोली मात्र कधीच रिकामी नसते. कुटार आणि बुरशीने भरलेल्या पिशव्या चोवीस तास श्वास घेतात. समजा दिवसभरात सर्वांत कमी ९०० होते. सेन्सर त्यालाच ४०० ठरवतो. दुसऱ्या दिवशी खोलीत खरोखर १४०० असताना पाटीवर ९०० दिसतात, पंखा लागत नाही, आणि मालक आकड्याकडे बघून निर्धास्त. तराजूत माल असतानाच पासंग काढल्यासारखा हा प्रकार. चार दिवसांनी देठ लांबतात आणि दोष पुन्हा बियाण्यावर जातो.

बंद करायचा हुकूम: २५५, १, १२१, ०, ०, ०, ०, ०, १३४. हा एकदाच देऊन थांबू नका. प्रोग्राम असा लिहा की बोर्ड चालू झाला की दरवेळी तो पाठवला जाईल, कारण लोडशेडिंगनंतर सेन्सर कुठल्या मनःस्थितीत उठेल याची खात्री धरू नये.

एकदा हे बंद केले की ताळ्यावर आणण्याची जबाबदारी तुमची. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि पुढे दर दोन महिन्यांनी असे करा:

बॉक्स उघडून सेन्सर बाहेर न्या. वेळ दुपारी अकरा ते चारची, थोडा वारा असलेली. पहाटेची 'शुद्ध' हवा या कामाला चालत नाही. रात्री पिके आणि माती कार्बन डायऑक्साइड सोडतात, वारा पडलेला असतो, आणि खरिपात शेतालगतच्या गावात पहाटे जमिनीजवळचा आकडा सहज पाचशेच्या वर असतो. शेजारी पऱ्हाटी जळत असेल, चूल पेटलेली असेल किंवा ट्रॅक्टर उभ्या-उभ्या सुरू असेल तर तो दिवस सोडा. सेन्सर सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, घराच्या भिंतीपासून लांब ठेवा. वीज देऊन अर्धा तास तसाच राहू द्या आणि स्वतः दोन-तीन मीटर दूर उभे राहा. माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४० हजार पीपीएम असतात. वाकून आकडा वाचणाऱ्याने अख्खे कॅलिब्रेशन बिघडवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

अर्ध्या तासात आकडा स्थिर झाला की शून्य-बिंदूचा (म्हणजे ताज्या हवेचा पाया ठरवणारा) हुकूम द्या: २५५, १, १३५, ०, ०, ०, ०, ०, १२०. त्याच क्षणी सेन्सर समोरच्या हवेला ४०० मानतो. खरी हवा ४२५ च्या आसपास असते, म्हणजे पुढचे सगळे आकडे पंचवीसेकने कमी दिसतील. सेन्सरची स्वतःची चूकच ५० पीपीएम अधिक आकड्याच्या ३ ते ५ टक्के असते, त्यामुळे ते सोडून द्या. स्पॅन कॅलिब्रेशन नावाचा आणखी एक हुकूम असतो. मोजून भरलेल्या वायूची टाकी हाताशी नसेल तर त्याला हात लावू नका.

ड्रमची परीक्षा

शून्य बरोबर असले तरी वरचा आकडा बरोबर आहे कशावरून? त्यासाठी २०० लिटरचा निळा ड्रम, खाण्याचा सोडा आणि सोनाराचा काटा पुरतो. ड्रमची खरी क्षमता आधी बादलीने पाणी मोजून भरून तपासा. ती २१०-२२० लिटरही निघते. मग ड्रम कोरडा करून बाहेरच्या हवेत तासभर उघडा ठेवा.

१.४ ग्रॅम खाण्याचा सोडा पूर्ण विरघळून प्रक्रिया झाली की साधारण ४१५ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. २०० लिटरमध्ये तो सुमारे २०७० पीपीएमची वाढ करतो, म्हणजे बाहेरचे ४३० धरून अडीच हजार. सोडा कोरडा आणि ताज्या पुड्यातला घ्या. पापडखार चालणार नाही, त्याचे गणित वेगळे.

सोडा एका रुंद वाटीत ड्रमच्या तळाशी ठेवा. सेन्सर आणि ५ व्होल्टचा छोटा संगणकी पंखा ड्रमच्या मध्यावर लटकवा. तोंडावर जाड पॉलिथिन ताणून जुन्या सायकलच्या ट्यूबने करकचून बांधा, तारा त्याच्या खालून काढून तिथे टेप मारा. पॉलिथिनमधून बारीक नळी थेट वाटीत सोडून ५० मिलिलिटरच्या सिरिंजने व्हिनेगर किंवा गाळलेला लिंबूरस सोडा. बुडबुडे थांबले, पंख्याने दहा मिनिटे हवा ढवळली की आकडा वाचा. २२०० ते २८०० मध्ये असेल तर सेन्सर कामाचा. १५०० च्या आसपास अडकला आणि ड्रम गळत नसेल, तर शून्य तपासून पुन्हा एकदा करा. तरीही तेच आले तर तो सेन्सर बदला.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब थोडा कमी असल्याने न सुधारलेला आकडा चार-पाच टक्के कमी येतो, तो वरच्या फरकात मावतो. चिखलदऱ्याला, अकराशे मीटरच्या आसपास, ही तूट दहा टक्क्यांच्या पुढे जाते. तिथे ९०० दाखवत असेल तर हजार समजून वागा.

खोलीत जागा

हा वायू जड म्हणून तळाशी बसतो, असे समजून सेन्सर जमिनीवर ठेवणारे बरेच भेटतील. खोलीत तो हवेत मिसळूनच राहतो. पिशव्यांच्या गर्दीत मात्र स्थिर हवेचे कोंडाळे होते. म्हणून सेन्सर पिशव्यांच्या मधल्या उंचीवर, दोन रांगांच्या मध्ये टांगा. पंख्यासमोर नको, झरोक्याजवळ नको, फॉगरच्या फवाऱ्याखाली तर मुळीच नको. टिनपत्र्याच्या आतल्या बाजूलाही नको. मे महिन्यात तिथले तापमान पन्नाशी ओलांडते आणि बहुतेक स्वस्त सेन्सरची मर्यादा ५० अंशांचीच आहे.

जंक्शन बॉक्सला भोके फक्त खालच्या बाजूने पाडा, ८ मिलिमीटरची सहा-सात. खोलीत आर्द्रता ८५-९० टक्के असते. पाण्याची वाफ या मोजणीत फारशी आड येत नाही, पण तिचे थेंब आड येतात. ते पोकळीत साचले की प्रकाश अडतो आणि सेन्सरला वाटते वायू वाढला. बोर्ड आणि सेन्सर एकाच बॉक्समध्ये ठेवले तर त्यांच्या उबेने आतली हवा दोन-तीन अंश गरम राहते आणि दव धरत नाही. म्हणून 'रात्री कशाला चालू' म्हणून वीज बंद करू नका.

अळंबीचे बीजाणू हा दुसरा शत्रू. छत्र्या जास्त पिकू दिल्या की पांढरी भुकटी सगळीकडे बसते, सेन्सरच्या हवा आत घेणाऱ्या पांढऱ्या पडद्यावरही. मग आकडा चुकत नाही, पण सुस्तावतो: पंखा लागून गेला तरी तो पंधरा मिनिटे खाली येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा. पाणी, स्पिरिट, कंप्रेसर, फुंकर, यांतले काहीही नको. आणि हे करताना तोंडाला मास्क बांधा, त्या भुकटीने माणसाच्या फुफ्फुसालाही त्रास होतो. खोलीला फॉर्मॅलिनची धुरी देण्याआधी सेन्सर काढून घरात न्या.

पंख्याची सांगड

रिले खोलीबाहेर कोरड्या भिंतीवर, त्याचा चार्जर वेगळा. ओल्या खोलीत २३० व्होल्टचे काम असल्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग यांना पर्याय नाही. हे वायरमनकडूनच करून घ्या.

पंखा १००० ला सुरू, ७५० ला बंद. दोन्ही आकडे एकच ठेवले तर रिले टकटक करत महिनाभरात जातो. २० बाय १२ बाय ९ फुटांची खोली म्हणजे ६१ घनमीटर. ताशी १००० घनमीटरचा पंखा २५०० वरून ७५० वर यायला कागदावर सात मिनिटे घेतो. झरोक्यावर बारीक जाळी असल्यामुळे प्रत्यक्षात पंधरा धरा. अर्ध्या तासातही खाली येत नसेल तर पंखा मोठा करण्याआधी हवा आत यायची जागा बघा. जाळी धुळीने बुजलेली असते. मोठ्या पंख्याचा तोटा लगेच दिसतो: आर्द्रता पडते आणि कोंब वाळून पिवळे पडतात. लहान पंखा जास्त वेळ चालवणे केव्हाही बरे. थंडीच्या रात्री सुरू होण्याची मर्यादा १२०० करा आणि पंखा दोन मिनिटे चालू, आठ मिनिटे बंद असा चालवा. थंडीत पिशव्यांचा श्वासही मंदावलेला असतो.

उन्हाळ्यात डेझर्ट कूलर बाहेरून हवा ओढून आत ढकलत असेल तर आकडा ४५०-५०० वर राहतो आणि या साऱ्या खटाटोपाची गरजच उरत नाही. कूलर सुरू असूनही हजार दिसत असतील तर तो खोलीच्या आत ठेवलेला आहे, किंवा हवा बाहेर जायला वाट नाही.

आकडे वाचताना

तोडणीला दोन बाया अर्धा तास आत असल्या की एवढ्या बंद खोलीत त्यांच्या श्वासाने आकडा तीनशेच्या आसपास चढतो. त्यावरून घाबरू नका. शेजारी कुटार उकळण्याचा ड्रम चुलीवर असेल तर धुरासोबत हा वायूही आत येतो, आणि त्या वेळी पंखा लावला तर आकडा उतरण्याऐवजी वाढतो.

बियाण्यातली बुरशी कुटारात पसरण्याच्या पंधरा-वीस दिवसांत पिशव्या बंद असतात. तेव्हा सेन्सर ५००० वर अडकला तरी तो बिघाड नाही. बुरशीला त्या काळात हे चालते. पिशव्या फाडल्यावर मात्र आकडा खाली आणावाच लागतो.

आकडा ३८० च्या खाली दिसला तर शून्य हललेले आहे, हे पक्के. हिरवी पिके असलेल्या बंद पॉलिहाउसमध्ये दिवसा असे होऊ शकते, कारण झाडे वायू खातात. बुरशी खात नाही.

तासन्‌तास एकच आकडा, एकाही पीपीएमचा फरक नाही, असे असेल तर प्रोग्राम जुनेच उत्तर दाखवत आहे. बाइट येत आहेत का ते बघा. दुपारी आकडा वर आणि रात्री खाली अशी उलटी चाल दिसली तर बॉक्सवर ऊन पडते का ते तपासा.

आणि हाच सेन्सर दोरीला बांधून विहिरीत सोडून 'उतरायला हरकत नाही' असे कोणी ठरवू नये. त्याचा पल्ला ५००० ला संपतो, ही तर आठ तासांच्या कामाची मर्यादा मानली जाते. जिवावर बेतणारे प्रमाण ४०,००० च्या आसपास सुरू होते. शिवाय विहिरीत माणूस बहुधा ऑक्सिजन नसल्याने किंवा हायड्रोजन सल्फाइडने जातो, आणि या दोन्हींची याला खबरही नसते. बायोगॅसच्या टाकीलाही हेच लागू. तिथे ऑक्सिजनसह चार वायू मोजणारे मीटर लागते, वर दोर धरलेली माणसे लागतात, आणि त्या मीटरचा आकडा खाली उतरण्याआधी वाचायचा असतो.